अण्णांनी गाळलेलं दीड पान

आधीच सांगून ठेवते, हे मी रागात लिहिते आहे. राग निवला की शांतपणे लिहू म्हणून आठ महिने थांबले. निवला नाही, उलट लोणच्यासारखा मुरला. तेव्हा आता जसा आहे तसा वाढते.

माझे वडील वेद म्हणतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वेद म्हणतात म्हणजे पुस्तक न बघता म्हणतात, यजुर्वेदाची आमची शाखा अथपासून इतिपर्यंत. आठव्या वर्षी त्यांना कोकणातल्या एका गुरुजींच्या घरी ठेवलं. विसाव्या वर्षी ते तिथून निघाले ते थेट गिरगावात आले. पोटासाठी भिक्षुकी केली. सत्यनारायण, मुंजी, वास्तुशांत, श्राद्धपक्ष. परळ-लालबागच्या गिरण्या जाऊन टॉवर आले तेव्हा टॉवरमधल्या वास्तुशांतीही केल्या. करी रोडला एकोणचाळिसाव्या मजल्यावर होमाचा धूर झाला आणि छतातून पाण्याचे फवारे सुटले, यजमान, यजमानीणबाई आणि अण्णा तिघं सचैल भिजले, ती गोष्ट ते अजून हसत सांगतात.

भिक्षुकी हा धंदा. पाठ वेगळा. सकाळी आंघोळ झाली की पाऊण तास पाठ, रोजचा ठरलेला भाग. अंगात ताप असला तरी तो चुकला नाही. सुतकात मोठ्यानं म्हणायचं नसतं, तर आई गेली तेव्हा ते दहा दिवस त्याच वेळी, त्याच पाटावर, ओठ मिटून बसले आणि मनात म्हणत राहिले. मी बघत होते. रडायला म्हणून हा माणूस उठला नाही.

पाठाचे नियम पुष्कळ आहेत, इथे एकच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. पाठ एकट्यानं म्हणायचा नाही. समोर दुसरा बसलेला हवा आणि त्यालाही तो येत असायला हवा. म्हणणारा चुकला की समोरच्यानं थांबवायचं. थांबवलं की जिथे चुकलं तिथून जोडून घ्यायचं नाही, त्या भागाच्या पहिल्या अक्षरापासून पुन्हा म्हणायचं. सतरा मिनिटं झालेली असोत, पुन्हा पहिल्यापासून. अण्णा म्हणायचे की वेद टिकला तो काही आमच्या हुशारीनं नाही, समोर बसलेल्यानं थांबवलं म्हणून टिकला.

अण्णांसमोर दादरचे एक गुरुजी बसायचे. दोघांची जोडी वीस-बावीस वर्षांची. मध्ये माझ्या भावाला तयार करायचा प्रयत्न झाला. मुंज झाल्याबरोबर त्याला संथा सुरू केली. अण्णांनी एकदा म्हणायचं, त्यानं मागून दोनदा, अशी ती संथा. त्याचं लक्ष खाली गल्लीतल्या क्रिकेटकडे. मी पलीकडे तांदूळ निवडत बसलेली, आणि त्याच्या आधी माझ्या डोक्यात ओळ बसलेली असायची. त्याला नको होतं ते त्याला समोर बसवून भरवत होते, आणि मी मात्र दुसऱ्याच्या ताटाकडे बघत होते. एकदा, मी दहा वर्षांची असेन, खेळता खेळता दोन ओळी माझ्या तोंडून मोठ्यानं गेल्या. अण्णा ओरडले नाहीत. उठले, पुन्हा आंघोळ केली आणि त्या दिवसाचा पाठ पुन्हा पहिल्यापासून म्हटला. एवढं पुरलं. त्यानंतर माझ्या तोंडून अक्षर गेलं नाही.

भाऊ कॉलेजात गेला, मग बंगळूरला गेला, शेंडी-संथा सगळं सुटलं. त्याच सुमारास दादरचे गुरुजी गेले. मी तेव्हा चोवीस वर्षांची, फोर्टला बँकेत लागले होते. माझं लग्न झालं नाही, का झालं नाही ते इथे नको. दोन-तीन महिने अण्णा एकटेच पाठ म्हणत बसले. एका सकाळी भिंतीकडे बघून म्हणाले, "ती छापील पोथी काढ आणि समोर बस."

पण अट घातली. मी पोथीत बोट ठेवून ऐकायचं. चुकलं तर तोंडानं सांगायचं नाही. पाटावर बोटानं टक् करायचं. ते थांबणार, चूक स्वतः शोधणार, पहिल्यापासून म्हणणार. म्हणजे चूक पकडायचा हक्क मला, बरोबर काय ते बोलायचा नाही. चौतीस वर्षं मी ते केलं. बँकेत जायच्या आधी पाऊण तास. पाचेक वर्षांनी पोथी नुसती मांडीवर असायची, बघायची गरज राहिली नव्हती. बँकेत काउंटरवर नोटा मोजतानाही डोक्यात तेच चाललेलं असायचं. मला अख्खा पाठ येत होता, अण्णांना माहीत होतं की मला येतो, आणि आम्ही दोघांनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

आता कुणी म्हणेल, काळ बदलला, पुण्यात बायका लग्नं लावतात, दादरला बायकांचे वर्ग आहेत, तिथे जायचं होतंस. मला माहीत आहेत ते वर्ग. चांगले आहेत. मी अण्णांना सांगितलंही होतं, तर म्हणाले, "करू देत त्यांना. आपल्याकडे नाही." मी गेले नाही. मला वर्गात जाऊन दुसऱ्या कुणाकडून नको होतं, माझ्या बापाकडून हवं होतं. हट्ट म्हणा.

अण्णा चौऱ्याऐंशीचे झाले आणि उड्या मारायला लागले. उडी हा आमचा घरातला शब्द. पाठात काही ओळी दोन-दोन ठिकाणी अगदी जशाच्या तशा येतात. पहिल्या वेळी त्या ओळीनंतर एक वाट, दुसऱ्या वेळी दुसरी. म्हणणाऱ्याचं चित्त जरा ढळलं की पहिल्या ओळीवरून तो सरळ दुसरीच्या वाटेला लागतो आणि मधलं सगळं गळून जातं. ऐकणाऱ्याला काही कळत नाही, कारण जोड कुठे दिसतच नाही. म्हणणाऱ्यालाही कळत नाही. समोर बसलेल्यालाच कळतं. एका ठरावीक भागात, ज्याला अठरा मिनिटं लागतात, अण्णा वरचेवर अशी उडी मारत आणि दीड पान गाळत. मी टक् करत असे, ते कपाळाला हात लावत आणि पहिल्यापासून सुरू करत. एखाद्या दिवशी तीन-तीनदा. दमत, पण सोडत नसत. तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

अशात तो आला. पस्तिशीचा, खादीचा कुर्ता, हातात दोन फोन, मला आंटी आणि अण्णांना अण्णाजी म्हणणारा. परंपरा जपायची आहे म्हणाला. यंग क्राउडपर्यंत पोचवायची आहे, पण बोअर नाही झालं पाहिजे. परळला गिरणीच्या जागेवर चकचकीत हॉल झालाय, तिथे कार्यक्रम, वेगवेगळ्या जुन्या विद्यांचा, त्यात अण्णांचा पाठ, आणि त्याचं चित्रण करून कायमचं नेटवर ठेवणार. सहा मिनिटं मिळतील म्हणाला. अण्णा म्हणाले, भाग अठरा मिनिटांचा आहे, सहा मिनिटांचा वेद नसतो. घासाघीस होऊन अठरा मिनिटं ठरली. अण्णांनी निवडला तो नेमका उडीचा भाग. का, तर त्यांच्या गुरुजींनी त्यांना शेवटची संथा दिली ती या भागाची, आणि आता हे शाबूत म्हणणारं मुंबईत आपल्याला कुणी माहीत नाही, निदान एकदा अख्खं कुठेतरी ठेवलं जावं, असं त्यांना वाटत होतं. हे ते स्वतः माझ्याशी बोलले. एकदा अख्खं, हे त्यांचे शब्द. आणि ते ऐकल्यावर त्या दिवसापासून मलाही दुसरं काही नको होतं.

मी त्या कुर्तेवाल्याला म्हटलं की समोर कुणीतरी बसावं लागेल, चूक झाली तर थांबवायला, मी बसेन. तो खूश. बाप-लेक, सुपर, विमेनचा अँगल पण येईल, वगैरे. अण्णांनी मान हलवली. घरातलं घरात, म्हणाले. चार लोकांत बाई पोथी घेऊन समोर बसली तर वैदिक मंडळी काय म्हणतील. मी विचारलं, वैदिक मंडळी येणार आहेत का त्या हॉलमध्ये? ते म्हणाले, नसली तरी. मग समोर कोण बसणार? कुणी नाही, म्हणाले, सावध राहून म्हणेन. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, घरात दिवसाला तीन उड्या मारणारा, आणि सावध राहून म्हणेन. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण गप्प बसले. गप्प बसायची सवयच चौतीस वर्षांची.

कार्यक्रमाचं वर्णन करत बसत नाही, करताना पुन्हा अंगाचा तिळपापड होतो. होमकुंड म्हणून एक पितळी घंगाळ ठेवलं होतं. त्यात पंखा, आणि वर फडफडणारं नारिंगी कापड, ज्वाळा म्हणून. अण्णांनी विचारलं हे काय, तर म्हणे सेफ्टीसाठी, अण्णाजी. धूर सोडायचं यंत्र होतं, त्यानं अण्णांना ठसका लागला. मागे तंबोरा लावला होता, तो मात्र अण्णांनी बंद करायला लावला, आपण गायला बसलेलो नाही म्हणून. एक बाई इंग्रजीत बोलून गेली, हजारो वर्षं अखंड चालत आलेला पाठ वगैरे. अखंड हा शब्द तिनं मराठीतच उच्चारला आणि फार ठासून उच्चारला. मी पहिल्या रांगेत, मऊ मऊ खुर्चीत, अण्णांपासून पंधरा फुटांवर.

अण्णांनी सुरुवात केली आणि खरं सांगते, सगळा राग गेला. काय आवाज लागला होता म्हाताऱ्याचा. स्वर वर, खाली, सपाट, त्याबरोबर हात तसाच. हॉलमध्ये कुणाला एका शब्दाचा अर्थ कळत नव्हता, तरी एक फोन वाजला नाही. दहा मिनिटं झाली. ती ओळ जवळ आली. मी खुर्चीत पुढे सरकून बसले. ओळ आली, आणि अण्णा सरळ दुसऱ्या वाटेनं गेले.

दीड पान गेलं. त्या साडेचारशे माणसांच्या हॉलमध्ये ते फक्त मला कळलं.

मी खुर्चीच्या हातावर टक् केलं. मखमल. त्याखाली स्पंज. आवाजच नाही. दोन्ही हातांनी आपटलं, शेजारचा माणूस बघायला लागला. अण्णा डोळे मिटून पुढे चाललेले, चांगल्या सुरात, चुकीच्या वाटेनं. आणखी तीन-चार मिनिटांत ते संपवणार होते, आणि संपलं की झालं, एकदा अख्खं म्हणून कायमचं ठेवलं जाणार होतं ते हे, फाटकं. मी उभी राहिले. आणि त्या ओळीनंतर खरं जे यायला हवं होतं ते म्हटलं. चार-पाच शब्द. स्वरांसकट, मोठ्यानं. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

अण्णा थांबले. डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. अख्खा हॉल माझ्याकडे बघत होता आणि मी अण्णांकडे. मला वाटलं आता कपाळाला हात लावतील, पहिल्यापासून सुरू करतील, लागू देत अठरा मिनिटं आणखी, बसू देत लोकांना. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी डोळे मिटले आणि जिथे थांबले होते तिथूनच, म्हणजे चुकीच्याच वाटेवरून, पुढे म्हणायला लागले. संपवलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मागे कुणीतरी बासरी लावली.

परतताना टॅक्सीत मी मनातल्या मनात त्यांची बाजू घेत होते. म्हातारा माणूस, डोळ्यांवर एवढे दिवे, लेक अचानक उभी राहून बोलली, गोंधळले असतील. आपण काय बोललो ते त्यांना नीट ऐकूही गेलं नसेल. असं करत करत प्रार्थना समाजपर्यंत मी त्यांना पुरतं माफ करून टाकलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

चार-पाच दिवसांनी कुर्तेवाला लॅपटॉप घेऊन घरी आला. अण्णा खाटेवर, मी दारात, तो मध्ये मोड्यावर. त्यानं दोन गोष्टी दाखवल्या. पहिल्यात सबंध पाठ होता, माझा आवाज आणि ती शांतता इतकी सफाईनं काढून टाकलेली की मलासुद्धा जागा सापडेना. दुसरी पाऊण मिनिटाची होती. त्यात अण्णांच्या दोन ओळी, मी उभी राहते, बोलते, अण्णा बघतात, आणि वर व्हायोलिन. ही तुफान चालेल म्हणाला, लोक रडतील. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तुझ्या पहिल्यात दीड पान नाही आणि दुसऱ्यात काहीच नाही. मला सांग, अख्खा पाठ बरोबर करून पुन्हा घेता येईल का? तो म्हणाला, तीन कॅमेरे होते आंटी, लाइट होते, ते परत नाही होणार. आणि मग आवाज खाली आणून, मोठं गुपित सांगितल्यासारखं, "ऑनेस्टली, कोणालाच नाही कळणार."

मी अण्णांकडे बघितलं. आता हा माणूस याला उभा-आडवा घेणार. एका अक्षरासाठी साठ वर्षं सतरा-सतरा मिनिटं मागे जाणारा माणूस.

"पहिलं ठेवा," अण्णा म्हणाले.

तो लॅपटॉप मिटून, अण्णांच्या पायाला हात लावून गेला. मी दार लावलं. मी म्हटलं की तो गेला खड्ड्यात, माझ्या फोनवर करू. तुम्ही आणि मी, इथेच, उद्या सकाळी. उडी मारलीत तर मी टक् करीन, दहादा करीन, पण एकदा अख्खं होईल. तुम्हालाच हवं होतं ना. अण्णा म्हणाले, काय गरज आहे. मी म्हटलं, त्या दिवशी तुम्ही गोंधळलात, मी समजू शकते, मी काय म्हटलं ते तुम्हाला ऐकू आलं नसेल.

"ऐकू आलं," ते म्हणाले. "तू बरोबर होतीस."

"मग?"

"म्हणूनच."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, अगदी शांतपणे, एखाद्या यजमानाला मुहूर्त समजावून सांगावा तसं. चूक झाली ती माझी आहे. म्हातारपणी विसर पडला, एवढंच लोक म्हणतील, देवही समजून घेईल. पण आता मी ते दुरुस्त केलं तर ते मी तुझ्या तोंडून घेतलं असं होईल. माझ्या गुरुजींकडून माझ्याकडे आलं, आणि मध्ये एक जागा बाईच्या तोंडची. ते मला नको. त्यापेक्षा ते नसलेलं बरं.

नसलेलं बरं. दीड पान वेद नसलेला बरा, पण तो आपल्या लेकीच्या तोंडून आलेला नको. हे माझा बाप म्हणाला, ज्यानं मला शिकवलं होतं की एक अक्षर गेलं तर सगळं गेलं. मी त्या कुर्तेवाल्याला काय बोल लावू? त्याला काही येत नाही, त्यानं काही येत असल्याचा आव आणला नाही, त्यानं नारिंगी कापड लावलं आणि ते कापड आहे असं तोंडावर सांगितलं. गाढवापुढे वाचली गीता, तर दोष गीता वाचणाऱ्यानं गाढवाला देऊ नये. पण हे तर घरातलं. मी अण्णांना म्हटलं की मग चौतीस वर्षं माझ्या टक्टकीवर जे दुरुस्त करत आलात ते कोणाचं होतं? तर म्हणाले, ते लाकूड वाजत होतं. तू बोलली नव्हतीस.

मी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा अण्णांना नको ते बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. ते खाटेवर पाय हलवत ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, चहा कर.

कपाळ माझं, मी केला.

ते चित्रण नेटवर आलं. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली आहेत, शुद्ध, दिव्य, अखंड असे शब्द लिहिले आहेत. खालच्या मजल्यावरची एक बाई मला जिन्यात थांबवून सांगते की ती रोज देवपूजेच्या वेळी अण्णांचं लावते. मग शीवहून एका पाठशाळेच्या गुरुजींचा फोन आला. ते मुलांना हा भाग शिकवणार होते, या शाखेचं म्हणणारं मिळत नव्हतं, अण्णांचं सापडलं, मुलांना यावरूनच बसवू का, परवानगी असावी. फोन मी स्पीकरवर धरला होता. मला वाटलं आता तरी खरं सांगतील. मुलं आहेत, त्यांच्या तोंडात हे कायमचं बसणार, ती पुढे दुसऱ्यांच्या तोंडात बसवणार. अण्णा म्हणाले, "अवश्य घ्या." मी फोनमध्ये बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी पलीकडच्या माणसाला आशीर्वाद देऊन टाकला आणि मला हातानं खूण केली, बंद कर. मी दुसऱ्या दिवशी स्वतः त्या गुरुजींना फोन केला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि अदबीनं विचारलं की ताई, आपण कुणाकडे शिकलात? मी काय सांगणार? म्हटलं, ऐकून. ते म्हणाले, बरं बरं, आणि ठेवला.

लॅपटॉप आला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी पोथी काढायला गेले होते. ती फडताळात नव्हती, अण्णांच्या पाटाशेजारी होती, मिटलेली. "आजपासून नको," म्हणाले. "मला येतं." माझा पाट भिंतीला टेकवून ठेवला होता. त्या दिवशी त्यांनी तोच भाग म्हटला. ती ओळ आली आणि त्यांचा आवाज अडखळला, हे मी देवाशपथ सांगते. त्यांना ठाऊक होतं पुढे काय आहे. अडखळले आणि दीड पान ओलांडून पलीकडे गेले. पुन्हा त्या भागाची पाळी आली तेव्हा थोडं कमी अडखळले. मग आणखी कमी. आता मुळीच अडखळत नाहीत. आता तिथे कधी काही होतं, हे त्यांच्या जिभेला आठवत असेल असं मला वाटत नाही.

पहिले काही आठवडे मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकून घेतलं. एका सकाळी मी कणीक मळत होते, ती ओळ आली, अण्णा पलीकडे गेले, आणि माझ्यानं राहवलं नाही. मी मधलं दीड पान म्हणायला लागले. मनात नव्हे, शेजारी ऐकू जाईल असं, हात कणकेत तसेच. अण्णांचा आवाज चढला. माझाही चढला. ते त्यांचा भाग संपवून उठले तरी माझं चालू होतं, आणि मी ते शेवटच्या अक्षरापर्यंत नेलं. पाप लागायचं तर लागो. शेंडी तुटो की पारंबी.

तेव्हापासून त्या भागाची पाळी आली की हे असंच होतं. माझ्यासमोर थांबवायला कुणी बसलेलं नाही, हे मला कळतं. दुपारी ते निजले की मी पोथीत बोट ठेवून तपासते. आतापर्यंत एक अक्षर चुकलेलं नाही. मी म्हणायला लागले की अण्णा मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतात, चेहरा लाल होतो, पण तोंडातलं सोडत नाहीत. मला थांब असं ते अजून एकदाही म्हणालेले नाहीत. मला थांब म्हणायचं तर आधी त्यांना स्वतः थांबावं लागेल, आणि थांबले की पहिल्या अक्षरापासून पुन्हा म्हणावं लागेल, माझ्या तोंडच्या दीड पानासकट. ते थांबत नाहीत. मीही नाही.